विवरातला हिरवा दगड

"वरून गोल दगड पडत आहेत. रंग हिरवा. वजन दीड किलो. दगडांना पानं आहेत."

घोरपडेचा हा निरोप वेधशाळेच्या पडद्यावर उमटला, तेव्हा नुकतं कुठे फटफटत होतं. शाल्मली दुधात बिस्किट बुडवत होती, ते दुधातच राहिलं. ज्वालामुखीतून दगड उडतात हे तिला ठाऊक होतं. काळे उडतात, लालभडक उडतात. पण पानं फुटलेला हिरवा दगड कुठल्या डोंगराने कधी फेकला होता?

विचार करायला वेळच मिळाला नाही. पुढच्याच क्षणी विवराच्या काठावरचा भोंगा किंचाळायला लागला आणि समोरच्या ब्रोमो डोंगरावर जमलेल्या हजारो माणसांची दाणादाण उडाली.

"अगं बाई!" वसुधाआत्याने कपाळावर हात मारून घेतला. "आज कसदा! मी त्याला कसदा सांगितलाच नाही!"

शाल्मली मूळची वाईची, सहावीतली. आता शाळेची एक सहामाही जगात कुठूनही करता यायची, म्हणून ती जावा बेटावर आपल्या आत्याकडे आली होती. आत्या म्हणजे ज्वालामुखींची डॉक्टर. डोंगरांची नाडी बघणं हे तिचं काम. आणि घोरपडे हा तिचा यंत्रमानव. खरं तर मानवासारखं त्याच्यात काहीच नव्हतं. चार पाय, लांब शेपूट आणि उष्णता सोसणाऱ्या चिनीमातीच्या खवल्यांचं अंग. विवराच्या (ज्वालामुखीच्या तोंडाच्या) आतल्या उभ्या भिंतीला तो चिकटून बसे, म्हणून आत्याने त्याला हे नाव दिलं. तिथले लोक मोठ्या माणसाला आदराने 'पाक' म्हणतात. त्यामुळे वेधशाळेत सगळे त्याला 'पाक घोरपडे' म्हणत, आणि आत्याला दर वेळी हसू येई.

त्या सकाळी मात्र कुणाला हसू आलं नाही.

ब्रोमोच्या आसपासच्या गावांत तेंगर लोक राहतात. वर्षातून एकदा, कसदाच्या सणाला, ते पहाटे पायऱ्यांनी विवराच्या काठावर चढतात आणि शेतात पिकलेलं चांगलंचुंगलं डोंगराला देतात. कोबी, बटाटे, कांद्याची पात, फुलं, कोंबड्यासुद्धा. सगळं वरून विवरात टाकायचं. काहीजण तर आतल्या उतारावर जाळी घेऊन उभे राहतात, पडणारी कोंबडी वरच्यावर झेलतात आणि खुशाल घरी नेतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. आत्याने घोरपडेला जगातले शेकडो उद्रेक दाखवले होते. उडालेला दगड खाली कसा येतो, किती जोरात आदळतो, सगळं घोटून घेतलं होतं. सण तेवढा शिकवायचा राहिला. मग आभाळातून कोबी यायला लागल्यावर बिचाऱ्याने जे शिकवलं तेच केलं.

पळापळीत खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. पण सण मोडला. दुपारी गावची मंडळी वेधशाळेत आली. ती ओरडली नाहीत, भांडली नाहीत, नुसती खाली मान घालून बसली, आणि त्यानेच आत्याला फार लाजल्यासारखं झालं. तिने शब्द दिला, "भोंगा आजपासून बंद. येत्या सोमवारी घोरपडेला विवरातून बाहेर काढते. परत तुमच्या डोंगरात ठेवणार नाही."

शाल्मलीने हे दारातून ऐकलं. या परक्या बेटावर घोरपडे हा तिचा एकुलता एक दोस्त होता. रोज संध्याकाळी ती वेधशाळेच्या ओट्यावर बसायची आणि कानातल्या छोट्या यंत्रातून दोघांच्या गप्पा चालायच्या.

त्या संध्याकाळीही ती ओट्यावर बसली. वेधशाळा एका प्रचंड ज्वालामुखीकुंडाच्या (फार पूर्वी डोंगराचा माथा खाली खचून झालेल्या खळग्याच्या) काठावर होती. खाली मैलोन् मैल काळ्या राखेचं सपाट मैदान. लोक त्याला वाळूचा समुद्र म्हणतात. त्याच्या मधोमध धुमसणारा ब्रोमो, शेजारी अंगभर चुण्या पडलेला बातोक, आणि दूर दक्षिणेला सगळ्यांत उंच सेमेरू. सेमेरू थोड्या थोड्या वेळाने धुराचा एक गोळा सोडी आणि पुन्हा गप्प होई. दिवस कलला की मैदानात धुकं उतरायचं. वाळूचा समुद्र हळूहळू दुधाचा व्हायचा आणि डोंगरांचे फक्त माथे त्यावर तरंगत राहायचे. आपण जागे आहोत की झोपेत, असं शाल्मलीला तेव्हा वाटायचं.

"घोरपडे, तू रागावलास?" तिने विचारलं.

"मला राग बसवलेला नाही," घोरपडे म्हणाला. तो सगळ्यांशी अगदी अदबीने बोलायचा. "पण मी सकाळपासून कोबीचा विचार करतो आहे. तो दगड नव्हता, हे मला कसं कळायला हवं होतं?"

"आधी मला सांग, इथे इतके ज्वालामुखी आहेतच कशाला? आत्याच्या नकाशावर नुसते लाल ठिपके. बेटाला गोवर आल्यासारखं दिसतं."

घोरपडेला प्रश्न विचारलेला आवडे. राग बसवला नसला, तरी ही आवड त्याच्यात कुठून तरी आली होती.

"जावा बेट लांबट आहे," तो सांगू लागला. "पूर्व-पश्चिम जवळजवळ हजार किलोमीटर. ज्वालामुखी त्याच्या पाठीवर कण्यासारखे रांगेत आहेत. त्यांचं कारण बेटावर नाही. ते दक्षिणेला, समुद्रात आहे. हिंदी महासागराचा तळ म्हणजे एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा). तो उत्तरेकडे सरकतो आणि या बेटाच्या खाली शिरतो. वर्षाला सहा-सात सेंटिमीटर. तुमची नखं वाढतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेग."

"मग खाली गेला की तापतो आणि वितळतो. झालं!"

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण तो पट्ट फारसा वितळत नाही, कारण आजूबाजूच्या खडकापेक्षा तो थंड असतो. गंमत वेगळीच आहे. तो समुद्राखालून आलेला, त्याच्या खडकात पाणी मुरलेलं. सुमारे शंभर किलोमीटर खाली गेला, की दाबाने आणि उष्णतेने ते पाणी बाहेर पडतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. हा वरचा खडक गरम असतो, पण एरवी घट्टच असतो. पाणी शिरलं, की तो आहे त्याच उष्णतेला वितळायला लागतो."

शाल्मली एकदम ओरडली, "पॉटमधलं आइस्क्रीम!"

"मला समजलं नाही."

"अरे, वाईला आमच्याकडे लाकडी पॉट आहे. मध्ये दुधाचा डबा, भोवती बर्फ, आणि बर्फात खडेमीठ टाकायचं. मीठ पडलं की बर्फ गार असतानाच वितळायला लागतो. तुझ्या खडकात पाणी पडतं, तेच आमच्या बर्फात मीठ!"

"मीठ बरोबर आहे," घोरपडे म्हणाला. "पॉट बघायला आवडेल."

"पण आमचा सह्याद्रीसुद्धा ज्वालामुखीचाच म्हणतात. तो कुठे असा धुमसतो?"

"तुमच्याकडे तो उद्योग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला. शिवाय तुमचा शिलारस (वितळलेला खडक) पातळ होता. तो मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून आला आणि पसरत गेला, थरावर थर. इथला शिलारस जास्त घट्ट. त्यात वाफ आणि वायू अडकून राहतात, आणि जोर झाला की—"

"कळलं, कळलं. आमची आमटी आणि तुमचं पिठलं! आमटी नुसती उकळते. पिठलं मात्र फटाफट अंगावर उडतं. आई वर झाकण ठेवते."

"आणि झाकण उडालं तर?"

"ते तू आईलाच विचार."

दुधाच्या समुद्रावर चांदणं पसरायला लागलं होतं.

"झाकण उडण्याआधी डोंगर सांगतो," घोरपडे हळूच म्हणाला. "शिलारस किंवा वाफ खाली कोंडली, की डोंगर किंचित फुगतो. डोळ्यांना नाही दिसत, पण माझ्या पायांतल्या कलमापकाला (जमीन किती कलली हे मोजणाऱ्या यंत्राला) कळतं. आतले खडक तडकतात, म्हणून तो बारीक थरथरतो. आणि त्याचा श्वास बदलतो, म्हणजे विवरातून येणारे वायू कमी-जास्त होतात. फुगणं, थरथरणं, श्वास. त्या सकाळी यांतलं काहीही नव्हतं. मी पायांकडे लक्षच दिलं नाही. मी फक्त आभाळाकडे बघितलं."

त्या रात्री शाल्मली दुलईत शिरली, तेव्हा डोळे मिटल्याबरोबर तिला खाली, खूप खाली, तो समुद्राचा तळ दिसला. ओला, काळोखा, शिंपल्यांची माती अंगावर घेऊन निघालेला. कुणालाही न सांगता तो तिच्या अंथरुणाखालून सरकत होता, आणि त्याच्या पाण्याने वरचा सगळा दगड रसरसत होता. तिला भीती नाही वाटली. एवढं मोठं काहीतरी इतक्या सावकाश चालतं, याचं नवल करता करता ती झोपली.

रविवारी सकाळी ती गावात गेली. कुणीतरी माफी मागायला हवी, आणि घोरपडेला तर काम सोडून गावापर्यंत येता येत नव्हतं. म्बाह सुकार्तींचं कोबीचं शेत उतारावर पहिलंच होतं. म्बाह म्हणजे तिकडची आजी. कानातलं यंत्र दुभाष्याचंही काम करी, आणि माहेरच्या आठवणीने आत्याने त्याला साताऱ्याकडची बोली लावून ठेवली होती. त्यामुळे म्बाह बोलायच्या त्यांच्या भाषेत, आणि शाल्मलीच्या कानात शेजारच्या गावची म्हातारी बोलायची. शाल्मलीचं बोलणंही तेच यंत्र म्बाहना त्यांच्या भाषेत ऐकवायचं.

"माफी कशापायी मागतीस, पोरी?" म्बाह घोड्यावर टोपली बांधत होत्या. "पर माझी टोपली तशीच ऱ्हायली बघ. भोंगा वाजला, मानसं माझ्या अंगावरनं पळाली, आन् म्या पायरीवरच बसले. कोबी सुकाया लागला. आज जाऊन घालून येते."

"सण तर झाला ना, म्बाह?"

"सन झाला, शबूद कुटं गेला? आमच्या वाडवडलांनी डोंगराला शबूद दिलाय. त्याच्या राखंत पिकतं, त्यातलं पयलं त्याला. माझं दिऊन झाल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरंना."

"मी येऊ तुमच्याबरोबर?"

आत्याने सकाळचे आकडे पाहिले. डोंगर शांत होता. "पायऱ्यांपर्यंत जा. दुपारी घरात पाहिजेस," ती म्हणाली.

वाळूच्या समुद्रावर अजून धुकं होतं. घोड्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि पायांखालची राख कुरकुरत होती. दोघी कितीतरी वेळ चालल्या. मैदानातल्या देवळाजवळून पुढे गेल्यावर धुक्यातून ब्रोमोच्या पायऱ्या दिसायला लागल्या, तोच कानात घोरपडेचा आवाज आला.

"शाल्मली, थांबा."

ती थांबली.

"गेल्या अर्ध्या तासात डोंगर फुगला आहे. पायांना थरथर जाणवते आहे. विवरातला गंधकाचा वायू दुप्पट झाला आहे. मी आत्यांना कळवलं आहे."

लगेच आत्याचाच आवाज आला, धापा टाकत असल्यासारखा. "शालू, आहेस तिथून मागे फीर. म्बाहना घेऊन ये. मी बाकीच्या लोकांना बाहेर काढते आहे."

शाल्मलीने म्बाहचा हात धरला आणि सगळं सांगितलं. म्बाहनी हात सोडवून घेतला.

"त्या घोरपडीनं मागंबी असंच केलं व्हतं. त्या बारीला म्या फिरले. आता न्हाई फिरायची. तू जा घरला."

शाल्मली रडायच्या बेतात होती. पळावं तर ही म्हातारी एकटी वर जाणार. थांबावं तर... तिला 'तर'च्या पुढचा विचारही करवेना.

"घोरपडे, तुझी खात्री आहे ना? नक्की सांग! म्बाहना ऐकू जाईल असं सांग!" तिने कानातलं यंत्र काढून म्बाहच्या पुढ्यात धरलं आणि त्याचा आवाज मोठा केला. यंत्र घोरपडेचं बोलणं आधी मराठीत, मग म्बाहच्या भाषेत सांगू लागलं.

"खात्री नाही," घोरपडे म्हणाला. "मागच्या वेळी माझी पूर्ण खात्री होती, आणि मी चुकलो. आज मला इतकंच ठाऊक आहे की तिन्ही खुणा एकदम आल्या आहेत. डोंगर कदाचित उडेल, कदाचित नाही उडणार. पण तुम्ही इथे उभ्या राहून हे बघू नये, असं मला वाटतं."

म्बाह त्या यंत्राकडे बघत राहिल्या. सण मोडल्यापासून प्रत्येकजण त्यांना काहीतरी ठणकावून सांगत होता. 'मी चुकलो' असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

"आन् माझा शबूद?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"टोपली मला द्या," घोरपडे म्हणाला. "मी तिथेच राहतो."

आणि तो आला. धुक्यातून, उभ्या पायऱ्यांवरून सरसर उतरत, राखेने माखलेला, नाकपुडीवर गंधकाची पिवळी पूड जमलेला. म्बाहनी त्याला आजवर कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

"आगं बया! ही तर खरीच घोरपड हाय की!"

खांद्यावरच्या शालीने त्यांनी टोपली त्याच्या पाठीवर बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली. मग हात जोडले. डोंगराला की घोरपडेला, ते शाल्मलीला कळलं नाही.

"घोरपडे, तू परत वर नको जाऊस," ती म्हणाली. आता ती सरळ रडत होती. "टोपली इथेच ठेव आणि आमच्याबरोबर चल ना!"

"शब्द दिलेला आहे ना?" घोरपडे म्हणाला. "शिवाय मी नसलो, तर डोंगराच्या पोटात काय चाललं आहे हे आत्यांना कोण सांगेल? पळा आता."

म्बाहनी तिला उचलून घोड्यावर बसवलं आणि स्वतः मागे बसल्या. वय झालेल्या त्या घोड्याने त्या दिवशी कमालच केली. मैदान ओलांडून कुंडाच्या काठाची चढण लागली, तेव्हा कानात शेवटचा निरोप आला.

"टोपली पोचली. कोबी दोन, कांद्याची पात एक जुडी, झेंडूची फुलं. आता वरून काहीही येत नाही. आता खालून वर—"

पुढे नुसती खरखर ऐकू आली. मग जमिनीतून एक खोल हुंकार आला आणि ब्रोमोच्या माथ्यावर करड्या राखेचा खांब उभा राहिला, वर, आणखी वर, ढगांच्याही वर. ज्या पायऱ्यांशी त्या दोघी उभ्या होत्या, त्यांच्यावर दगडांचा सडा पडला. या वेळी एकाही दगडाला पानं नव्हती.

मैदानावर त्या दिवशी एकही माणूस उद्रेकात सापडला नाही, कारण आत्याने सगळ्यांना वेळेत बाहेर काढलं होतं. गावांवर थोडी राख पडली, ती लोकांनी पत्र्यांवरून झाडून काढली. शाल्मलीने मात्र पुढचे कितीतरी दिवस कानातलं यंत्र काढलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ती नुसती खरखर ऐकायची. आत्याही शेजारी येऊन बसायची. घोरपडेची तिलाही तेवढीच आठवण येत होती.

सोमवार येऊन गेला. घोरपडेला बाहेर काढायची आठवण गावातल्या कुणीही करून दिली नाही. पण डोंगर निवल्यावर आत्याने परवानगी दिली, आणि तीच माणसं बांबू आणि दोर घेऊन विवरात उतरली. जाळीवाले सगळ्यांत पुढे होते, कारण आतला उतार त्यांच्या पायाखालचा. त्यांनी राख उपसून घोरपडेला बाहेर काढलं. एक पाय मोडला होता, शेपूट नाहीशी झाली होती, पाठीवर अजून शालीची जळकी गाठ होती. आत्याने त्याच्या खवल्यांखालची स्मृतीची डबी उघडली. डबी धडधाकट होती. शाल्मलीचा जीव भांड्यात पडला.

"त्याला बरं कर आन् हुतं तितंच ठेव," म्बाह आत्याला म्हणाल्या. "आमचा हाय आता त्यो."

वर्ष गेलं. शाल्मली वाईला परतली होती, सातवीत गेली होती. खिडकीतून दिसणारा पांडवगड तिला आता निराळाच दिसायचा; एकावर एक निवलेले थर ती नजरेने मोजत बसायची. मोठेपणी डोंगरांची नाडी बघायची, हे तिने घरात जाहीर करून टाकलं होतं, आणि आईने, मग आजपासून पिठल्यावरचं झाकण तूच सांभाळ, म्हणून सांगितलं होतं.

एका सकाळी ती दुधात बिस्किट बुडवत होती, तेवढ्यात निरोप आला.

"वरून गोल वस्तू आली. रंग हिरवा. पानं आहेत. वजन दोन किलो, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा अर्धा किलो जास्त. म्बाह म्हणतात, नव्या राखेने शेतं सुधारली. डोंगर फुगलेला नाही, थरथरत नाही, श्वास नेहमीचा आहे. त्यामुळे हा कोबी आहे, आणि आज कसदा आहे. म्बाह सुकार्तींनी तो माझं नाव घेऊन टाकला. जाळीवाले मागत होते. मी दिला नाही."